नियम सतरा

पिवळं पान म्हणजे रोग, हे पहिल्यांदा कोणी तपासलं? माझ्या या साध्या प्रश्नाचं उत्तर मंगळावरच्या आमच्या अख्ख्या वस्तीत कोणाकडे नव्हतं. आणि तरीही नेमका माझी मिरचीची तीन रोपं भट्टीत टाकायला निघाला होता!

नेमका म्हणजे आमच्या हरितगृहाचा (काचेखालच्या शेतीचा) यंत्रमानव.

"नियम सतरा. पिवळे पान दिसताच रोप नष्ट करावे," तो म्हणाला.

"पण का?"

"कारण नियम सतरा."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. वस्तीत मिरचीची एवढीच रोपं होती आणि नवं बी घेऊन येणारं यान सव्वादोन वर्षांनी यायचं होतं. मी ट्रे पोटाशी धरून दारातच बसकण मारली. "हात तर लावून दाखव!"

माझा आरडाओरडा ऐकून आजोबा आले. ते वस्तीतले सर्वांत जुने वनस्पतिशास्त्रज्ञ (झाडांचा अभ्यास करणारे). सगळं ऐकून तेही लालबुंद झाले.

"हा तर शुद्ध डॉग्मा!"

"म्हणजे?"

"पोलादी मत. वरून सांगितलंय म्हणून मानायचं, प्रश्न विचारायचा नाही. आणि शाल्मली, या ग्रीक शब्दाचं मूळ काय, माहितेय? 'वाटणं'! आधी डॉग्मा म्हणजे कोणाला तरी जे वाटलं ते, नुसतं मत. मग सभेचा ठराव झाला, राजाचा हुकूम झाला. पुढे तर धर्मपीठाची शिकवण, शंकासुद्धा घ्यायची नाही अशी. त्यातलं 'वाटतं' तेवढं हरवलं."

"मग नियम सतरासुद्धा आधी कोणाला तरी नुसता वाटला असेल?"

आजोबा यंत्रमानवाकडे वळले. "नेमक्या, या नियमाच्या जुन्या आवृत्त्या वाच बरं. शेवटून सुरुवातीकडे."

"आवृत्ती तीन: पिवळे पान दिसताच रोप नष्ट करावे. आवृत्ती दोन: पिवळे पान म्हणजे बुरशी. आवृत्ती एक, वीस वर्षांपूर्वीची: पान बुरशीमुळे पिवळे पडत असावे, असे मला वाटते. तपासायला वेळ मिळालेला नाही. सही, अनंत शेवडे."

अनंत शेवडे म्हणजे माझेच आजोबा!

"तुमच्यामुळे वीस वर्षं रोपं जळताहेत!" मी किंचाळले. मला रडू येत होतं आणि रडू येतंय याचाही राग येत होता.

"हो, माझ्यामुळे," आजोबा म्हणाले. "लिहिलं आणि विसरून गेलो. चिड तू, चिडायलाच हवं. पण आधी ऊठ, वीस वर्षांपूर्वी राहिलेलं काम करू."

आम्ही पान सूक्ष्मदर्शकाखाली (बारीक वस्तू मोठी दाखवणाऱ्या यंत्राखाली) ठेवलं. बुरशीचा एकही धागा दिसेना. जुन्या पानांच्या शिरा हिरव्या होत्या, फक्त मधला भाग पिवळा. आजोबांना मॅग्नेशियम (पान हिरवं राहायला लागणारा धातू) कमी पडत असल्याची शंका आली. या वेळी ती त्यांनी तपासूनही पाहिली. पाण्यात चिमूटभर मॅग्नेशियमचं मीठ मिसळलं. दहाव्या दिवसानंतर एकही पान पिवळं पडलं नाही.

नियम सतराची चौथी आवृत्ती मी लिहिली: 'पान पिवळे दिसले तर आधी तपासा. कारण दर वेळी वेगळे असू शकते, असे मला वाटते. माझेही तपासा.'

"'असे मला वाटते' काढून टाकू?" नेमक्याने विचारलं.

"काढूनच बघ!"

आमच्या वस्तीत असे दोनशे बारा नियम आहेत. काल मी मिरच्यांना पाणी घालत होते, तेव्हा नेमका आपणहून जवळ आला.

"शाल्मली," तो म्हणाला, "नियम अठरा कोणी तपासला होता?"