ढब्बूने रोट का खाल्ला

शेजारचा माणूस आपलीच गोष्ट वाचून खुदुखुदु हसतोय, हे सुरतेजवळच्या सचिन गावाहून निघालेल्या शेअर रिक्षात योगिताच्या लक्षात आलं आणि तिला आभाळ ठेंगणं झालं. मग तिने त्याचं तोंड पाहिलं... आणि तिच्या तोंडचं पाणीच पळालं. तो लक्ष्मण होता. नवागामात त्यांच्याच गल्लीत राहणारा, कापडाच्या लूमवर काम करणारा, मराठवाड्याकडचा.

‘सर्वगुणी तारा’ ही गोष्ट ती टोपणनावाने मोबाइलवर लिहायची. मालिकांतल्या अतिशहाण्या नायिकांची टिंगल. तारा एका हाताने मांडे भाजायची, दुसऱ्या हाताने लूम दुरुस्त करायची, आणि तिने नुसतं पाहिलं की गल्लीतली कुत्री ओळीत बसायची. वाचकांचा वाद मात्र पेटला होता ताराच्या गल्लीतल्या ढब्बूवरून. ढब्बूने ताराच्या खानदेशी घरचा कानबाई देवीचा रोट चोरून खाल्ला होता! तो प्रसाद फक्त भाऊबंदांचा. लग्न होऊन गेलेल्या लेकीलासुद्धा मिळत नाही. मग ढब्बू हावरा, बावळट, की आतल्या गाठीचा?

खरं काय ते योगितालाच ठाऊक होतं. श्रावणात कानबाईचा मंडप बांधायला आलेल्या लक्ष्मणला घाईगडबडीत रोट तिनेच वाढला होता. आई ओरडली, तेव्हा तो मान खाली घालून म्हणाला होता, “म्याच घेतला, काकू.” योगिता गप्प बसली. आणि वर त्याचा ढब्बू केला! शरमेने तिचे कान तापले.

“ओ योगिताबेन, तुम्ही वाचता का ही?”

“छे... कधीमधी.”

“लिहिणारी लई हुशार हाय. पण ढब्बू तिला कळला न्हाई.”

“का? चोरच तर आहे तो.”

“चोर पकडला गेला की पळतो. ह्यो तिथंच उभा ऱ्हायला. कुणाला तरी बोलणी बसू नयेत म्हणून.”

योगिताने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

“ती गोष्ट... मी लिहिलीय.”

“ठाव हाय. तुमच्या घरचा रोट दुसरं कोण लिहिणार?”

“मग रागवा ना! मी वाढला आणि हसं तुमचं केलं. मला माझीच लाज वाटते.”

तो बाहेर बघत राहिला. “परक्यानं खायचा न्हाई, हे काकूंनी सकाळीच सांगितलं होतं.”

“मग खाल्लात कशाला?”

“तुम्ही वाढला म्हणून.”

नवागाम आलं. रिक्षातून उतरल्यावर योगिता त्याला तशीच घरी घेऊन गेली आणि दारातच एका दमात म्हणाली, “आई, त्या दिवशी रोट मी वाढला होता. यांनी घेतला नव्हता.”

आईने कमरेवर हात ठेवले आणि ती अहिराणीत कडाडली. “आनी हाई तू आते सांगी ऱ्हायनी?” मग लक्ष्मणकडे पाहून तिचा आवाज उतरला. “बठ रे भाऊ. चहा टाकस.”

आई आत गेली. ओट्यावर दोघंच उरली.

“योगिताबेन—”

“बेन नका म्हणू.”

“बरं... योगिता. आता पुढच्या वर्षी मिळंल का रोट?”

“नाही. जावयाला देत नाहीत.” बोलून गेली आणि तिने जीभ चावली. मान वर करायची सोय उरली नव्हती. पायाच्या अंगठ्याकडे बघत ती हळूच म्हणाली, “आणि मग... मलाही नाही मिळणार.”