दोन मिनिटं आधी

"थांबा डॉक्टर. फेकण्याआधी लशीलाच विचारू या."

आवाज फ्रीजच्या मागून आला होता. डॉ. दीपाली पाटील क्षणभर फ्रीजकडेच बघत राहिली. मग मागून आधी एक स्क्रूड्रायव्हर, नंतर कोपरापर्यंत धुळीनं माखलेला हात आणि शेवटी एक शांत, किंचित हसरा चेहरा बाहेर आला.

जावळीच्या डोंगरातलं ते लहानसं आरोग्य केंद्र. बाहेर पडवीत चाळीसेक आया बाळांना मांडीवर घेऊन बसल्या होत्या. काही जणी तर दोन डोंगर उतरून आलेल्या. आणि आत नोंदवहीत स्पष्ट दिसत होतं, की आदल्या दुपारी फ्रीजचा पारा शून्याच्या खाली गेला होता. काही लशी एकदा गोठल्या की संपल्या. दिसायला तशाच दिसतात, काम मात्र करत नाहीत. लसीकरणासाठी मेढ्याहून आलेली दीपाली बालरोगतज्ज्ञ होती. जिच्याबद्दल शंका आहे अशी लस ती कुठल्याही बाळाच्या मांडीत टोचणार नव्हती. सगळा साठा बाजूला काढा आणि आयांना घरी पाठवा, असं तिनं नुकतंच सांगितलं होतं.

फ्रीजमागचा माणूस राजरत्न. जिल्ह्यातल्या लशी थंड ठेवणारी सगळी यंत्रं त्याच्याकडे. काल फोन आला तेव्हाच त्यानं त्याच बॅचची एक कुपी मुद्दाम गोठवून ठेवायला सांगितलं होतं. ती आता पूर्ण वितळली होती. त्यानं ती आणि संशयातली एक कुपी एकाच मुठीत धरली, जोरात हलवली आणि खिडकीतल्या उजेडात शेजारी-शेजारी ठेवली. गोठलेल्या लशीचा गाळ भराभर खाली बसतो, चांगल्या लशीचा सावकाश. अर्धा तास नुसतं बघत बसायचं.

तुम्हाला घाई असेल तर मी बघतो, असं तो म्हणाला. दीपालीनं स्टूल ओढलं आणि बसली.

अर्धा तास हा फार मोठा वेळ असतो... अनोळखी माणसाशेजारी गप्प बसून दोन कुप्या बघायच्या असतील तर जास्तच. त्याच्या अंगठ्यापाशी भाजल्याची एक जुनी खूण होती. नखं स्वच्छ कापलेली होती. इतक्या धुळीत काम करणाऱ्याची नखं इतकी स्वच्छ कशी–

"डॉक्टर, कुप्या इकडं आहेत."

"मी घड्याळ बघत होते."

"मी घड्याळ घालत नाही."

दीपालीचे कान तापले. बाकीचा वेळ तिनं मान हलवली नाही. गोठवलेल्या कुपीत तळाशी पांढरा थर बसला, वर निवळ पाणी. दुसरी अजून दुधासारखीच. तिनं आणखी तीन कुप्या तशाच तपासायला लावल्या आणि मगच पहिल्या बाळाला आत बोलावलं. जाताना नोंदवहीत लिहिलं– 'साठा वापरण्यायोग्य. टाकून देण्याचा माझा निर्णय चुकीचा होता.' खाली सही.

राजरत्ननं ते वाचलं, मग पुन्हा वाचलं. "असं कुणी लिहीत नाही," तो म्हणाला.

"झालं तसं लिहिलं."

त्यानं वही मिटली. पण पुढच्या महिन्यात मेढ्याच्या ग्रामीण रुग्णालयात तिच्या नवजात बाळांच्या खोलीतला एसी तपासायला तो आला. तो एसी त्याच्या कामात बसत नव्हता, हे दोघांनाही माहीत होतं.

ही खोली म्हणजे दीपालीचा जीव. सरकारी सेवेच्या एका वर्षासाठी ती सांगलीहून मेढ्याला आली, तेव्हा तिथं कमी वजनाचं बाळ जन्मलं की साताऱ्याला पाठवायचे. घाटातच काही बाळं गार पडायची. तिनं अर्जावर अर्ज करून चार पाळण्यांची उबदार खोली उभी केली, सिस्टरांना शिकवलं आणि वर्ष संपल्यावर परत जायचं नाव काढलं नाही. आता तिसरं वर्ष चालू होतं. अख्ख्या तालुक्यात मुलांची डॉक्टर ती एकटीच.

आणि सांगलीत अण्णा होते. वडील आदगोंडा पाटील, हळदीचे मोठे शेतकरी. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका येऊन गेल्यापासून त्यांचा उजवा हात कमजोर झाला होता. दर दुसऱ्या शनिवारी ओपीडी संपवून दीपाली एसटीनं सांगली गाठायची. रविवारभर अण्णांचा हात, त्यांची औषधं, आईचे गुडघे, सगळं बघायची आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत. एरवी रोज संध्याकाळी अण्णांचा फोन. प्रश्न एकच. जेवलीस का? त्यांच्या जैन घरात दिवस मावळल्यावर कुणी जेवत नसे. दीपालीला हा नियम पाळायला आवडायचा, कारण मेढ्यातल्या खोलीत एकटीनं जेवतानाही वाटायचं की सांगलीत त्याच वेळी दोन ताटं मांडली आहेत. पण ओपीडीत वेळेचं भान राहायचं नाही. मग ती खरं सांगायची, की नाही जेवले, आणि उपाशी झोपायची.

हे राजरत्नला सिस्टरांकडून कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या फोनवर एक संदेश आला. त्यात फक्त आकडे होते. ५.५९.

हे काय, असं तिनं विचारलं. आजचा सूर्यास्त, त्यानं उत्तर दिलं. मी रोज दोनदा तापमान लिहितो, त्यात अजून एक आकडा... जड नाही जात.

तेव्हापासून रोज सकाळी एक आकडा. ६.०४. ६.११. ६.२०. शब्द नाही, फूल नाही, नमस्कारसुद्धा नाही. दीपाली तो आकडा ओपीडीच्या टेबलावर लिहून ठेवायची आणि वेळेवर डबा उघडायची. राजरत्न महिन्यातून एक-दोनदा यायचा. सिस्टरांनी चहा दिला की दोघं व्हरांड्यात उभ्यानं प्यायची.

एकदा तो म्हणाला, "माझ्या आईची तक्रार आहे तुमच्याबद्दल."

"माझ्याबद्दल? मी तर त्यांना भेटलेही नाही."

"तरी आहे. म्हणते, त्या डाक्टरीणबाईपायी आमच्या घरात सांच्याला सहालाच ताटं लागत्यात."

"तुम्ही का लवकर जेवता?"

त्यानं कपात बघितलं. "भूक लागते," तो म्हणाला.

याहून जास्त दोघांत काही बोलणं झालं नव्हतं. दीपाली मोजूनमापून विचार करणारी. जे सिद्ध नाही, ते तिनं मनातसुद्धा लिहिलं नव्हतं.

फेब्रुवारीतला रविवार. सांगलीच्या घरी अण्णांनी जेवणानंतर विषय काढला. विश्रामबागेत तळमजल्याची जागा तयार होती. दवाखान्याची पाटी तेवढी लावायची बाकी. जयसिंगपूरचा अरिहंत, हाडांचा डॉक्टर, पुढच्या आठवड्यात बघायला येणार होता. दोघांनी मिळून दवाखाना चालवायचा, अण्णा-आईंच्या नजरेसमोर. त्यात वाईट काय होतं? काहीच नाही. म्हणूनच दीपालीला नाही म्हणायला शब्द सापडेना.

तेवढ्यात टेबलावरचा तिचा फोन वाजला. अण्णांनी चष्मा सावरून वाचलं. "सहा छत्तीस. एवढ्या उशिराची गाडी धरतीस व्हय?"

"गाडी नाही अण्णा. सूर्यास्ताची वेळ आहे." आज आकडा यायला उशीर झाला होता.

"कोण पाठवतंय?"

तिनं सांगितलं. मेढ्याच्या बाजूला लशींची यंत्रं बघणारे राजरत्न सोनावले. अण्णांनी आडनाव ऐकलं, मान वर केली. डाव्या अंगठ्यानं ते मागचे संदेश बघत गेले. बराच वेळ. आई राजमती हळदीकुंकवाचं सामान आवरता-आवरता थबकली.

"ह्यो माणूस आकड्यात चुकतोय," अण्णा म्हणाले. मग स्वतःशीच, "न्हाई... चुकत न्हाई. हे बघ. शनिवारी सहा चौतीस, रविवारी सहा बत्तीस, सोमवारी परत सहा पस्तीस. दर दुसऱ्या रविवारी दोन मिनिटं आधी. तू ज्या रविवारी हितं असतीस, त्या रविवारी त्यो सांगलीचा सूर्यास्त धाडतोय."

दीपालीनं फोन हातात घेतला. एक रविवार, दुसरा, तिसरा. सातारा पश्चिमेला आहे, सांगली पूर्वेला. सांगलीत दिवस थोडा आधी मावळतो. हे तिला माहीत होतं आणि तीन महिन्यांत एकदाही तिच्या लक्षात आलं नव्हतं. तो तिला रोज एक आकडा पाठवत नव्हता. ती जिथं असेल तिथला आकडा पाठवत होता.

याहून मोठा पुरावा तिला नको होता.

"अण्णा," ती म्हणाली, "अरिहंतला येऊ नका म्हणून सांगा. मी याच्याशी लग्न करणार आहे."

आईच्या हातातली वाटी खाली ठेवल्याचा आवाज आला. अण्णा काय बोलले ते सगळं तिला नंतर आठवलं नाही. समाजाबद्दल बोलले, दोन्ही घरांच्या चालीरीतींबद्दल, पाहुण्यांबद्दल, तयार जागेबद्दल. शेवटी म्हणाले, ह्या दाराबाहेर तसलं पाऊल टाकलंस तर दार बंद. दीपाली रडली नाही. खाली बसून तिनं त्यांचा उजवा हात मांडीवर घेतला आणि नेहमीसारखी एकेक बोट उघडू लागली.

"मी मेढ्यातच राहणार अण्णा, आणि दर दुसऱ्या शनिवारी इथं येणार. दार बंद असलं तर पायरीवर बसेन. तुमचं बीपी खिडकीतून घेईन. हात मात्र बाहेर काढावा लागेल."

आईला हसू आलं, ते तिनं पदरात दाबलं. अण्णांनी हात काढून घेतला. त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत.

सोमवारी पहाटे एसटी कराडच्या पुढं गेली, तेव्हा कुठं दीपालीच्या लक्षात आलं. अण्णांना सांगून झालं होतं. राजरत्नला सांगायचं राहिलं होतं.

साताऱ्यात तिनं मेढ्याची गाडी सोडली. सिस्टरांना फोन करून चारही बाळांची वजनं विचारली, अकरापर्यंत येते म्हणून सांगितलं आणि वाईची गाडी धरली. वाईजवळच्या राजरत्नच्या गावात त्याचं घर शोधायला पाच मिनिटं लागली. दारात त्याची आई अंबूबाई ज्वारी पाखडत होती. तिनं दीपालीला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि आत हाक दिली, "राजा, बाहेर ये रं. सहाला जेवणारी आली."

राजरत्न हातात सायकलचा पंप घेऊन आला आणि तसाच उभा राहिला. दीपालीनं सगळं सांगितलं, घडलं त्या क्रमानं, एकही वाक्य न गाळता.

"म्हणजे... तुम्ही आधी त्यांना सांगितलंत?" त्यानं विचारलं.

"क्रम चुकला. मान्य."

"आणि ते जेवले नाहीत."

"नाही."

तो भिंतीशी टेकला. "मग हे होऊ नये, डॉक्टर. मला तुम्ही हव्या आहात. पहिल्या दिवसापासून... ते वाक्य तुम्ही वहीत लिहिलंत ना, तेव्हापासून. पण माझ्यामुळं एक म्हातारा माणूस उपाशी राहिला, हे पोटात ठेवून मला संसार जमणार नाही."

अंबूबाई सूप थांबवून म्हणाली, "त्याचं खरं हाय, बाई. माझ्या पोराला कुनाच्या दारात खाली मान घालून उभं करनार न्हाई मी. लय केली आमच्या वाडवडलांनी खाली मान."

"कराल असं मी म्हणतच नाही," दीपाली म्हणाली. मग ती राजरत्नकडे वळली. "अण्णांचा राग माझा आहे, तुमचा नाही. तो मी बघेन. दिवस लागतील, महिने लागतील. मी रोज दीड किलोची बाळं वाढवते, मला वाट बघता येते. तुमच्याकडून एकच हवं. हो की नाही?"

पंपातून उगाच हवा सुटली. अंबूबाई परत पाखडू लागली, पण सुपाचा आवाज येत नव्हता.

"हो," राजरत्न म्हणाला.

दीपालीनं मान हलवली, अकराची ओपीडी आहे म्हणाली आणि निघाली. वळणावर गेल्यावर ती एकटीच हसली.

त्यानंतरचे तीन रविवार अण्णांनी तिच्याशी बोलणं टाकलं. दार मात्र उघडं होतं. ती यायची, हात मांडीवर घ्यायची, बोटं उघडायची. नवजात खोलीतल्या कुठल्या बाळाचं वजन किती वाढलं ते सांगत राहायची. संध्याकाळचा फोन आता आई करायची, पण पाठीमागं अण्णांचा खाकरा ऐकू यायचा. चौथ्या रविवारच्या आधी आईनं निरोप दिला. हे म्हणतात, त्या मुलाला घेऊन ये. मी बोलणार न्हाई. नुसतं बघणार.

सांगलीच्या गाडीत दीपाली त्याला हळूच म्हणाली, की दारात गेल्यावर नुसतं नमस्कार म्हटलं तरी चालेल. सोपं जाईल.

"नाही," राजरत्न म्हणाला. "पहिलाच शब्द झाकून ठेवला, तर पुढं किती झाकायचं? मी माझ्या घरात म्हणतो तेच म्हणेन."

दीपालीनं त्याच्याकडे बघितलं आणि त्याचा हात, अंगठ्याजवळच्या खुणेसकट, गाडीभर लोकांसमोर हातात घेतला.

दुपारचं कडक ऊन होतं. अण्णा दारातल्या खुर्चीवर बसले होते, धोतर-सदरा, पांढरी टोपी. आई त्यांच्या मागं उभी. राजरत्ननं पायरीखाली चपला काढल्या, ताठ उभा राहिला, हात जोडले.

"जय भीम, अण्णा."

गल्लीतून एक रिक्षा गेली. शेजारच्या गच्चीवर कुणीतरी वाळवण पसरता-पसरता थांबलं. अण्णा बघत राहिले. त्याच्या चेहऱ्याकडे, जोडलेल्या हातांकडे, पुन्हा चेहऱ्याकडे. मग अण्णांनी डाव्या हातानं आपला उजवा हात उचलला, दोन्ही तळवे एकमेकांना लावले, आणि न बोलण्याचं ठरवलेला तो माणूस सावकाश म्हणाला,

"जय जिनेंद्र." थोडं थांबून, खुर्ची मागं सरकवत, "चपला आत घ्या. उन्हात तापतील."