गुरुवारची रेघ

लिफ्ट बंद होती. नेमकी त्याच दिवशी, हातात दिव्याचं जड खोकं असताना. बाहेर सकाळपासून रडवी झिमझिम लागलेली – धड पाऊस नाही, धड उघाड नाही – आणि मी ओल्या चपलांनी जिना चढत मनातल्या मनात साऱ्या जगाचा उद्धार करत होते. चौथ्या मजल्याच्या वळणावर पायरीवर एक माणूस बसलेला दिसला. मांडीवर उघडा डबा, आणि डब्यात दात. गुलाबी हिरड्यांसकट ओळीनं मांडलेले, सगळे माझ्याकडे बघून हसत होते.

खोकं माझ्या हातून निसटलं. त्यानं ते गुडघ्यानं अडवलं.

"घाबरू नका," तो म्हणाला. "चावत नाहीत."

"कोणाचे आहेत?"

"अजून कोणाचेच नाहीत. मी कवळ्या बनवतो. लोकांना हसू देतो... रात्री काढून वाटीत ठेवता येईल असं." मग त्यानं खोक्यावरची चिठ्ठी वाचली आणि त्याचा चेहरा जरा पडला. "हा तो दिवा? मग तो माझ्याकडेच निघालाय. ताईनं परस्पर माझं नाव घातलंय तुमच्या चाचणीत. तिचं म्हणणं, आई गेल्यापासून मी माणसात नाही."

"आणि तुमचं काय म्हणणं?"

"माझं कोण विचारतंय?"

मी विचारणार होते. दर गुरुवारी संध्याकाळी. मला पगारच त्याचा मिळत होता.

आमची कंपनी मन सांभाळणाऱ्या वस्तू बनवायची. हा दिवा माझा. एकट्या राहणाऱ्या माणसांसाठी मी तो दोन वर्षं घासूनपुसून घडवला होता. मनगटावर एक पट्टी बांधायची. तिला माणसाची नाडी, श्वास, झोप कळायची. मन जितकं खाली जाईल, तितका दिवा उबदार, मऊ उजेड द्यायचा. ऑफिसात एका भिंतीवर मोठा पडदा होता, आणि चाचणीतल्या प्रत्येक घराची त्यावर एक रेघ. मन वर गेलं की रेघ वर, खाली गेलं की खाली.

घरी जाणाऱ्याला नियम होते. ठरलेले प्रश्न, ठरलेल्या आवाजात. चहा घ्यायचा नाही. विनोदाला हसायचं नाही. आपल्या येण्याजाण्यानं त्या घराला काही फरक पडता कामा नये. आई म्हणायची, "कसली मेली नोकरी तुझी. लोकांच्या घरात उजेड पाडतेस, आणि स्वतःचं तोंड बघ, तीन दिवस पाण्यात भिजल्यासारखं."

तिचं खोटं नव्हतं. घरी ती आणि मी, बाबांच्या रिकाम्या खुर्चीसमोर मुकाट जेवणाऱ्या. असा दिवा करायचं मला सुचलं, ते काही उगाच नाही.

पहिल्या गुरुवारी मी नियमानं वागले. "या आठवड्यात झोप कशी होती?"

"झोपेला विचारा. माझी-तिची गाठ पडत नाही."

मी हसले नाही. ओठ आतून चावला. त्यानं बरोबर पाहिलं.

"हसायला बंदी आहे वाटतं?"

"पुढचा प्रश्न... भूक कशी लागते?"

"काय हो उजेडबाई, आम्ही दात करून करून थकतो, आणि तुम्ही ते दाखवतही नाही."

हसले मग. काय करणार? त्यापुढच्या गुरुवारी चहा घेतला. त्याच्यापुढच्या गुरुवारी प्रश्न संपले तरी उठले नाही. त्याची खोली लहान होती. खिडकीशी कामाचं टेबल, पांढऱ्या भुकटीचा धुरळा, कोपऱ्यात माझा दिवा. तो एकेक दात कानशीनं घासायचा आणि बोलायचा. आईची कवळी त्यानंच केली होती. ती गेली तेव्हा तोंडात ठेवायची की काढायची, असं कोणीतरी विचारलं, आणि त्याला उत्तर देता आलं नव्हतं. हे त्यानं मला हातातल्या कामावरून नजर न उचलता सांगितलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्याला तेही दिसलं, पण त्यावर तो थट्टेचं काही बोलला नाही. नुसता कपभर चहा आणखी ओतला.

कधीतरी 'तुम्ही'चं 'तू' झालं. जिन्यात माझी छत्री उघडून देताना त्याची बोटं माझ्या बोटांवर थोडी जास्त रेंगाळली, आणि आम्ही दोघंही छत्रीकडेच बघत राहिलो... जणू छत्री पहिल्यांदाच बघतोय.

ऑफिसात त्याला सगळे 'दातवाले' म्हणायला लागले होते, कारण भिंतीवर त्याची रेघ सगळ्यांत देखणी होती. आठवडाभर जमिनीला टेकलेली असायची, मग गुरुवारी संध्याकाळी उठायची आणि थेट शनिवारपर्यंत वर राहायची. आमच्या मॅडम तिच्याकडे बघून खूश. "बघ, दिवा लागू पडतोय. याच रेघेवर आपण तो बाजारात आणू."

दिवा तर रोज लागत होता. गुरुवारी फक्त मी जात होते.

गप्प बसले असते तर माझा दिवा घरोघरी गेला असता. पण कोणाच्या घरी? ज्यांच्याकडे गुरुवारी कोणीच येत नाही, त्यांच्या. ती माणसं विश्वासानं बटण दाबणार आणि तशीच बसून राहणार. मी जाऊन मॅडमना सांगितलं, हा परिणाम दिव्याचा नाही. माझा आहे.

"तुझा?" त्यांनी चष्मा काढला. "स्वतःबद्दल बरंच मत आहे हो तुझं. मग दाखव सिद्ध करून. तू जायचं बंद कर. दुसरं कोणी जाईल, तेच प्रश्न विचारेल. आणि त्याला का ते कळता कामा नये. कळलं तर सगळंच मुसळ केरात."

मी हो म्हटलं. आमच्या धंद्यात याला पाप म्हणत नाहीत, पद्धत म्हणतात.

त्यानंतरच्या पहिल्या गुरुवारी माझा एक सहकारी गेला. मी पडद्यासमोर बसले. संध्याकाळी रेघ जरा उचलली – दारावरची घंटा वाजली असणार – आणि मग अशी खाली आली की मी खुर्चीचा हात घट्ट धरला. खोटं कशाला बोलू? भीतीसोबत मला एक लाजिरवाणा आनंदही झाला. तो माझी वाट बघत होता. मला ते कोणी सांगायला नको होतं. समोर भिंतीवर लिहिलेलं होतं. येणारे-जाणारे कॉफीचे कप घेऊन थांबत होते. "अरेरे, दातवाले गेले."

पुढच्या गुरुवारी रेघ उचललीच नाही. "बरोबर होतीस तू," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात माझ्यासाठी खरंच कळवळा होता. "दिवा थांबवावा लागेल. पण अजून एक आठवडा जाऊ दे, म्हणजे कोणाला बोट ठेवायला जागा नको."

तो आठवडा पुरा झालाच नाही. मंगळवारी दुपारी त्याची रेघ पडद्यावरून नाहीशी झाली. खाली गेली नाही, नाहीशीच झाली. मी पर्सही न घेता निघाले.

दार उघडलं त्यानंच. दाढी वाढलेली, मनगट मोकळं. माझा जीव भांड्यात पडला आणि मग त्याच्या चेहऱ्याकडे बघून परत वर आला.

"तुम्ही?" तो म्हणाला. "मला वाटलं, तुमची बदली झाली."

दिवा कोपऱ्यात टॉवेलखाली झाकलेला होता. "बंद केला मी. फारच प्रेमळ वागायला लागला होता. मी जितका गप्प, तितका तो मऊ होत जायचा. दुखवट्याला आलेल्या बायका बघतात ना, तसा बघायचा माझ्याकडे. म्हटलं, पुरे."

मी सगळं सांगून टाकलं, उभ्या उभ्या. पडदा, रेघ, गुरुवार, मॅडम. आणि हेही, की मी त्याला टाळत होते तेव्हा पडद्यासमोर बसून बघत होते.

तो खिडकीशी गेला. खिडकीबाहेर तीच चिकट झिमझिम.

"भिंतीवर," तो म्हणाला. "सगळ्यांसमोर."

"हो."

"मला कोणी विचारलं तर मी 'बरा आहे' म्हणतो. ताईलासुद्धा. तुझ्याशी पहिल्यांदा खरं बोललो. आणि तुमच्याकडच्या कोणा सोम्यागोम्यालाही माहीत होतं, मला झोप लागत नाही ते." त्यानं कानस उचलली आणि परत ठेवली. "मी बुडत होतो, ते तुला दिसत होतं?"

"हो."

"आणि तू काठावर बसून पाणी किती खोल आहे ते बघत होतीस."

त्याचा शब्द न् शब्द खरा होता. "दिवा आता बाजारात येणार नाही," एवढंच मी म्हटलं. एका दगडात दोन पक्षी मेले होते, आणि दोन्ही माझेच होते. मी दाराकडे वळले.

"थांब. माझी रेघ तुम्ही सगळ्यांनी बघितली. तुझी कुठे असते?"

"मला... मला पट्टी नव्हती."

"मग तोंडानं सांग. या आठवड्यांत तू कशी होतीस?"

हा माझाच प्रश्न. त्याचा शब्द कुठला, सूर कुठला, ते मीच ठरवलं होतं, कितीतरी अनोळखी माणसांसाठी. मला तो आजवर कोणी विचारला नव्हता. 'बरी' जिभेच्या टोकाशी आलं. मी ते गिळलं.

"वाईट होते. फार वाईट. घास उतरत नव्हता. आई विचारायची, तर तिच्यावर खेकसायचे. तुझ्या रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत आले होते एकदा, आणि परत गेले – कारण वर आले असते तर चाचणी बिघडली असती. इतकी मूर्ख आहे मी. मला तू आवडतोस. खूप. आणि मी तुला मुद्दाम दुखवलंय."

तो बघत राहिला. चेहऱ्यावरचा राग कमी झाला नव्हता. पण तो आता माझ्या अंगावर नव्हता, आमच्या दोघांच्या मध्ये होता.

"हे तुमच्या ऑफिसात कोणाकोणाला माहीत आहे?"

"कोणालाच नाही. फक्त तुला."

त्यानं दुसऱ्या खुर्चीवरचे न धुतलेले कपडे उचलले आणि पलंगावर टाकले.

"बस," तो म्हणाला. "पण बोलू नकोस इतक्यात. मला अजून खूप राग आलाय."

मी बसले, आणि बोलले नाही.