बाईंची गुरुवारची पिशवी

किराणा पोचवायचा होता, एवढंच काम. जिना चढायचा, दारापाशी पिशवी ठेवायची, बेल वाजवायची आणि परत फिरायचं. यात भुताखेताचं काय आलं, असं तुम्हाला वाटेल. त्यालाही तसंच वाटलं होतं. धाकटे, तू आत्ताच इकडे माझ्या बाजूला येऊन बस. नंतर अंधारात सरकत येण्यापेक्षा हे बरं. आणि लाईट आल्यावर तुमच्या आयांनी विचारलं, तर मामा गच्चीवर जुन्या आठवणी सांगत होता म्हणायचं. खोटंही नाही ते.

माझा एक मित्र होता, आमच्याच गल्लीतला. शाळेची व्हॅन चालवायचा. इतकी जपून चालवायचा की मुलांनी त्याचं नाव 'सावकाश' ठेवलं. मुलांचं ऐकून त्यांचे आईबाप म्हणायला लागले, मग आम्ही, आणि शेवटी त्याची बायकोसुद्धा. मी हाक मारली की वहिनी दारातूनच सांगायची, "सावकाश गेलेत, सावकाश येतील."

साथीचं ते वर्ष तुमच्यातल्या मोठ्यांना आठवत असेल. शाळा बंद, व्हॅन दारात उभी. नाक्यावरच्या दुकानदाराने सावकाशला विचारलं, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना सामान पोचवशील का? सावकाश लगेच हो म्हणाला, पण वहिनी धास्तावली. त्यांच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती. डॉक्टर झाले, देव झाले, उपासतापास झाले, आणि आता कुठे तिला दिवस गेले होते. रात्री ती त्याला म्हणाली, "जा तुम्ही. त्या माणसांना कोण आहे दुसरं? पण माझ्या डोक्यावर हात ठेवून सांगा, कुणाच्याही घराचा उंबरा ओलांडणार नाही."

त्याने हात ठेवला. शपथ घेतली. हे त्या दोघांत झालं आणि दोघांतच राहिलं. मलासुद्धा त्याने फार नंतर सांगितलं.

मग त्याचं काम सुरू झालं. प्रत्येक दाराबाहेर एक स्टूल असायचं. स्टुलावर पिशवी ठेवायची, बेल दाबायची आणि अर्धा जिना खाली उतरून थांबायचं. दार उघडायचं, हात बाहेर यायचा, पिशवी आत जायची. "मिळालं का?" असं सावकाशने विचारायचं आणि आतून "मिळालं" आलं की पुढच्या दारी जायचं. त्या सगळ्या दिवसांत त्याने चेहरा असा कुणाचा पाहिलाच नाही. माणसं त्याला हातांवरून कळायची. एक हात आधी पिशवीवर फवारा मारायचा. एक हात इतका थरथरायचा की सावकाश पिशवीचे बंद मुद्दाम मोठे ठेवायचा.

त्यातल्या एका बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर समोरासमोर दोन दारं होती. एका घरात बालवाडीच्या बाई. निवृत्त, एकट्या, मुलगी लांबच्या गावी. समोर सेक्रेटरी. म्हणजे बिल्डिंगचे सेक्रेटरी ते आता राहिले नव्हते, पण हुकूम सोडायची सवय सुटली नव्हती. या दोघांचं बोलणं बंद होतं. कशावरून? बाईंच्या कुंड्यांवरून. कुंड्या जिन्यात ठेवायच्या की नाहीत, यावरून जे बिनसलं ते बिनसलंच.

दर गुरुवारी बाईंची पिशवी असायची. सावकाश दम खात अर्ध्या जिन्यात उभा राहिला की आतून आवाज यायचा, "बाळ, धापा टाकतोयस. बस की जरा पायरीवर. पायरीला काही झालेलं नाही."

सावकाश बसायचा. मग दोन शब्द वहिनीबद्दल, दोन कुंड्यांबद्दल. तेवढ्यात समोरच्या दारामागून यायचं, "जिन्यात गप्पा मारू नयेत."

"सावकाश," बाई आवाज चढवून म्हणायच्या, "काही लोकांना सांग, मी माझ्या कुंड्यांशी बोलतेय."

"काही लोकांना सांगा, कुंड्यांना ऐकू येतं, तसं इतरांनाही येतं."

सावकाश मला सांगायचा, "आठवड्यात तेवढंच काय ते मला हसू यायचं."

आता ती रात्र. एप्रिल संपत आला होता. महिन्यातला शेवटचा गुरुवार. दुकानात मालाची गाडीच उशिरा आली, म्हणून सगळा दिवस घसरत गेला होता. बाईंची पिशवी घेऊन सावकाश त्या बिल्डिंगच्या खाली पोचला तेव्हा रात्रीचे साडेआठ झाले होते. रस्त्यावर चिटपाखरू नाही. खिडक्यांत दिवे होते, पण सगळे पडदे ओढलेले. जिन्यात त्याच्या चपलांचा आवाज त्यालाच मोठा वाटत होता. दुसऱ्या मजल्यापर्यंत उजेड होता. तिसऱ्यावरचा दिवा गेलेला.

अंधारात चाचपडत त्याने बाईंचं स्टूल शोधलं. पिशवी ठेवली. बेल दाबली. अर्धा जिना उतरला आणि थांबला.

दार उघडलं नाही.

"बाई, उशीर झाला. माफ करा हं. सामान आणलंय."

थोड्या वेळाने आवाज आला. दाराच्या अगदी जवळून आला, जणू बाई दाराला कपाळ टेकून उभ्या होत्या.

"आज मला नको, बाळ. समोर दे."

सावकाशला हसू आलं. "समोर? म्हणजे अबोला सुटला की काय?"

एरवी बाईंनी असा चेंडू सोडला नसता. आज काहीच नाही.

"त्यांचं सामान परवा आहे, बाई. हे तुमचं आहे. साखर, बिस्किटं, ओट्स, तुमचा तो साबण..."

"समोर दे."

म्हातारं माणूस, असेल काही मनात. त्याने वर येऊन पिशवी उचलली आणि पलीकडच्या स्टुलावर ठेवायला गेला. स्टुलावर आधीच काहीतरी होतं. मऊ, कोमट. त्याने चाचपून पाहिलं. दुधाची पिशवी. सकाळची. फुगलेली.

"मामा, सेक्रेटरी मेले होते का?"

ऐका रे. मधे बोलू नका.

सावकाशने सेक्रेटरींची बेल दाबली. आत घंटी वाजली आणि थांबली. पुन्हा दाबली. मग त्याला एक युक्ती सुचली. तो मोठ्याने म्हणाला, "सेक्रेटरी, मी जिन्यात गप्पा मारतोय बरं का."

त्याने वाट पाहिली...

कुणी रागावलं नाही.

मग त्याने दाराजवळ कान नेला. आतून एक बारीक आवाज येत होता. नळ. कुठेतरी नळ चालू होता. कधीपासून, कोण जाणे.

"दार ढकल," मागून बाई म्हणाल्या.

त्याने कोपराने दार ढकललं. कडी घातलेली नव्हती. दार हातभर उघडलं... आणि अडलं. कशाला तरी लागलं. ज्याला लागलं ते मऊ होतं.

सावकाशने मोबाईलचा उजेड आत टाकला. फटीतून जमिनीवर एक हात दिसत होता. त्या हाताला तो ओळखत होता. निळ्या खड्याची अंगठी, बोटं नेहमी आखडलेली. हात हलत नव्हता.

त्याने तिथूनच ॲम्ब्युलन्सला फोन केला. पलीकडची मुलगी म्हणाली, गाडी पाठवते, पण वेळ लागेल, आज फार फोन आहेत. तो धावत दुसऱ्या मजल्यावर गेला, दार वाजवलं. आतून बाईमाणसाचा रडवेला आवाज आला, "आमच्या घरात लहान मूल आहे हो. नका ना." आणि आतला दिवा मालवला. त्यांना नावं ठेवू नका. त्या वर्षी प्रत्येक दारामागे कुणीतरी होतं.

सावकाशच्याही होतं.

तो वर आला. सेक्रेटरींच्या उंबऱ्यापाशी उभा राहिला. एक पाऊल, बाकी काही नाही. पण त्या पावलापुढे त्याला वहिनीचं डोकं दिसत होतं, त्यावर ठेवलेला स्वतःचा हात दिसत होता. आत आजार असेल. तो आपण घरी नेऊ. इतक्या वर्षांनी पदरात पडणारं... आणि शपथ. शपथ मोडली की भोगायचं कुणी? त्या पोटातल्या जिवाने?

तो पायरीवर बसला. उठला. पुन्हा बसला. देवाचं नाव घ्यायला गेला तर तेही आठवेना.

नळ वाहतच होता.

आत काहीतरी घशात घरघरलं... आणि थांबलं.

"बाई," सावकाश म्हणाला. "बाई, मला जाता येत नाही. मी..."

"शपथ माझ्यावर."

अगदी हळू. अगदी स्पष्ट.

सावकाश मला सांगायचा, "तेव्हा मला कळलंच नाही की बाईंना हे कुणी सांगितलं. मी तर नव्हतं सांगितलं. हा विचार नंतर आला. तेव्हा फक्त एवढंच झालं, की छातीवरचा दगड कुणीतरी उचलून बाजूला ठेवला. मी उठलो आणि आत गेलो."

सेक्रेटरी दाराला टेकून पडले होते. अंग घामाने निथळत होतं. टेबलावर ताट झाकलेलं, हात न लावलेलं. बाजूला इन्सुलिनची सुई. टोचून झालेली. सावकाशला काही समजेना.

जिन्यातून एकच शब्द आला.

"साखर."

त्याने बाईंची पिशवी दातांनी फाडली. साखरेचा पुडा काढला. सेक्रेटरींना कुशीवर वळवलं आणि बोटाने साखर त्यांच्या गालाच्या आत लावली. पुन्हा लावली. पुन्हा. किती वेळ, त्यालाही ठाऊक नाही. हात चिकट झाले, गुडघे ओले झाले, आणि तो नुसता म्हणत राहिला, गिळा हो, गिळा, तुमच्याशी भांडायला समोर कुणीतरी थांबलंय.

शेवटी पापणी हलली. मग ओठ हलले. सावकाशने कान खाली नेला.

"चपला..." सेक्रेटरी म्हणाले, "बाहेर काढायच्या..."

हसा, हसा. तोही हसला. हसता हसता रडला. आणि तसाच जिन्याकडे तोंड करून ओरडला, "बाई, बोलले. तुमचे सेक्रेटरी बोलले."

तिकडून काही आलं नाही.

"बाई?"

...

खाली गाडीचा आवाज झाला. ॲम्ब्युलन्सची दोन माणसं मोठ्या बॅटऱ्या घेऊन वर आली. त्यांचा उजेड भिंतीवरून फिरत फिरत समोरच्या दारावर गेला. सावकाशची नजर त्याच्यामागून गेली.

बाईंच्या दाराला बाहेरून कुलूप होतं. कुलपावर पालिकेचं लाल सील.

त्यातला एक माणूस थबकला. "इथे तर आम्ही दुपारी आलो होतो. या घरातल्या बाईंना नेलं."

"कशा आहेत?" सावकाशने विचारलं.

त्या माणसाने मास्कवरूनच तोंडावर हात फिरवला. मग खाली बघून म्हणाला, "दिवेलागणीला गेल्या."

नको, इतके जवळ नका येऊ रे, गरम होतंय. अजून थोडंच आहे.

सावकाश त्या रात्री घरात गेला नाही. व्हॅन फाटकाबाहेर लावली आणि आत झोपला. कित्येक दिवस. जेवण वहिनी फाटकाच्या खांबावर ठेवायची आणि लांब उभी राहायची. पहिल्या सकाळी त्याने तिला व्हॅनच्या खिडकीतूनच सांगून टाकलं, "शपथ मोडली मी."

ती पोटावर हात ठेवून उभी. मग विचारलं, "कुणाच्या शब्दावर?"

"बाईंच्या."

तिने डोळे मिटले. काय मागितलं देवाकडे, ते तिलाच माहीत. मग म्हणाली, "जेवून घ्या. गार होईल."

पण सावकाशच्या जिवाला चैन नव्हतं. आपण सुटलो असं त्याला वाटेना. रोज सकाळी उठून तो स्वतःच्या कपाळाला हात लावून बघायचा आणि मग घराच्या खिडकीकडे. वहिनी खोकली तरी त्याचा जीव खाली-वर व्हायचा. दुसऱ्याची शपथ कुणी अशी आपल्या अंगावर घेऊ शकतं का? जिवंत माणसाला जमत नाही, तर मग...

दिवस भरले. मुलगी झाली. ठणठणीत. तरीही तो रात्री उठून पाळण्यापाशी जायचा, श्वास चालू आहे ना बघायला.

पुढे गाड्या सुरू झाल्या तेव्हा बाईंची मुलगी घर उघडायला आली. तिने सावकाशला बोलावून घेतलं. आईच्या बोलण्यात त्याचं नाव असायचं म्हणून. सेक्रेटरीही काठी टेकत आपल्या दारात येऊन उभे राहिले. जिन्यातल्या कुंड्या हिरव्यागार होत्या. त्यांना पाणी कोण घालत होतं, हे कुणी विचारलं नाही आणि सेक्रेटरींनी सांगितलं नाही.

पालिकेचा माणूस सील तोडायला आला होता. त्या दुपारी कुलूप त्यानेच लावलं होतं. कुलूप काढता काढता तो मुलीला म्हणाला, "ताई, जपून हं. जंतुनाशक पावडर टाकलीय आत. मी आतल्या खोलीपासून पावडर टाकत मागे मागे येत दाराबाहेर पडलो, आणि लगेच कुलूप घातलं. नंतर इथे कुणी आलेलं नाही."

दार उघडलं.

जमीन पांढरीशुभ्र होती. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एकसारखी. खुर्चीखाली, टेबलाखाली, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत. एक रेघ नाही, डाग नाही.

फक्त दाराच्या आत, अगदी दाराशी, दोन पावलं उमटली होती. अनवाणी. बाईमाणसाची, लहानशी. आतून येणारं एकही पाऊल नाही. परत जाणारं नाही. नुसती उभी राहिलेली. बराच वेळ उभी राहिलेली, कारण पावडर तिथे पार दबून गेली होती.

बोटं बाहेरच्या बाजूला होती. दहाही बोटं उंबऱ्याला टेकलेली.

पण उंबरा ओलांडलेला नव्हता.