अजून पंधरा मिनिटं

खोटं वाटत असेल तर खुशाल वाटू दे. मी कुणाला पटवायला बसलेली नाही. पण ताईच्या मोबाईलवर ती अक्षरं उमटताना मी या दोन डोळ्यांनी पाहिली आहेत.

रात्र नव्हती. निर्जन जागा नव्हती. गुरुवार होता, संध्याकाळचे पाच वाजून दहा मिनिटं. पडदे शिवायच्या कारखान्याचा दुसरा मजला, डोक्यावर सहा ट्यूबलाइट आणि खाली रस्त्यावर गाड्यांची कटकट.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. आमच्या दोघींची शिलाई मशिनं शेजारीशेजारी. तिला एकच मुलगी, नऊ वर्षांची. एका जागी दोन मिनिटं बसेल तर शपथ, म्हणून भावजींनी तिचं नाव खारू ठेवलं होतं. ती बसायची ती फक्त गेम खेळताना.

वाढदिवसाला भावजींनी टीव्हीला जोडायचा कन्सोल आणला होता. त्याचे दोन कंट्रोलर, एक निळा, एक पिवळा. निळा खारूचा. पिवळा तिनं आईसाठी राखून ठेवला होता. कन्सोलवर 'आई' नावाचं खातंसुद्धा उघडलं होतं आणि त्यावर चष्मा लावलेल्या अस्वलाचं चित्र लावलं होतं. एकदा तरी माझ्याबरोबर खेळायला बस, म्हणून ती मागे लागायची. ताई म्हणायची, उद्या नक्की.

त्या पिवळ्या कंट्रोलरला ताईनं कधी हातही लावला नाही.

कन्सोलमध्ये एक सोय होती. खेळायचा रोजचा वेळ आईबापांनी ठरवून द्यायचा. ताईनं एक तास दिला होता. तास संपला की गेम थांबायचा, आणि खारूनं आणखी वेळ मागितला की ताईच्या मोबाईलवर संदेश यायचा.

"खारू: अजून १५ मिनिटं?"

खाली दोन बटणं. हो. नाही.

यावरून मायलेकींचा वेगळाच खेळ सुरू झाला होता. पहिल्यांदा विचारलं की ताई 'नाही' दाबायची. मिनिटभरात खारू पुन्हा विचारायची. मग 'हो'. रोज हेच, एकही दिवस खंड नाही. पहिल्या झटक्यात हो म्हटलं तर पोरगी डोक्यावर बसेल, असं ताई मला सांगायची आणि दुसऱ्या संदेशाची वाट बघत गालातल्या गालात हसायची.

त्या दिवशी एका नाट्यगृहाचा मखमली पडदा संपवायचा होता. मालक डोक्यावर उभा. पाच-दहाला मोबाईल थरथरला. ताईनं 'नाही' दाबलं आणि मोबाईल कात्रीशेजारी ठेवला. तेवढ्यात मी पडद्याचं जड टोक ओढून तिच्या टेबलावर टाकलं.

मोबाईल त्याखाली गेला.

दुसरा संदेश आला, तो आम्हाला ऐकूच आला नाही.

खारूनं वाट पाहिली असेल. नेहमीपेक्षा जास्तच पाहिली असेल. मग टीव्ही बंद केला आणि सायकल घेऊन खाली उतरली. कोपऱ्यावर एक टेम्पो मागे येत होता...

पुढचं माझ्याच्यानं सांगवत नाही.

पडदा उचलला तेव्हा मोबाईलवर शेजारच्या काकूंचे सात फोन येऊन गेले होते. आणि त्यांच्याखाली तो संदेश. तसाच, उत्तराविना.

ताई महिन्यानं कामावर आली. निम्मी झाली होती. भावजींनी तोवर कन्सोल खोक्यात भरून कपाटावर टाकला होता. वायरीसुद्धा गुंडाळून ठेवल्या होत्या.

पाच वाजून दहा मिनिटांनी ताईचा मोबाईल थरथरला...

"खारू: अजून १५ मिनिटं?"

माझ्या हातातली कात्री खाली पडली. ताई ओरडली नाही, रडली नाही. तिनं झडप घालून 'हो' दाबलं.

पाच-पंचवीसनंतर तिनं मोबाईलवर खेळाची नोंद उघडली. आज खेळलेला वेळ: पंधरा मिनिटं.

भावजी लिफ्ट दुरुस्त करतात. त्यांना सगळ्याचं कारण एखाद्या सुट्या वायरीत सापडतं. जुना संदेश अडकून पडला असेल, ते म्हणाले. त्यांनी मदतकेंद्राला फोन लावला. तिथल्या बाईनं तपासून सांगितलं, तुमचा कन्सोल महिनाभर चालूच झालेला नाही.

दुसऱ्या दिवशी संदेश आला. तिसऱ्या दिवशीही आला.

ताई रोज पहिल्याच वेळी 'हो' दाबायची. तिनं रोजचा तास काढून पूर्ण दिवस मोकळा करून दिला. म्हटलं तर आता विचारायची गरजच नव्हती. तरी पाच-दहाला मोबाईल थरथरायचाच. मागणी पंधरा मिनिटांचीच. आणि दुसरा संदेश कधीच नाही.

असे दोन महिने गेले. मग एका बुधवारी घरी जाताना ताई रस्त्यातच थांबली.

"मी रोज हो म्हणते आणि ती रोज परत येते," ती म्हणाली. "तिला हो नकोय गं. तिला दुसऱ्यांदा विचारायचंय. तिचा खेळ अर्धा राहिलाय."

मला कळलं ती काय करणार आहे. मी म्हटलं, "ताई, नको. नाही दाबलंस आणि ती परत आलीच नाही तर?"

ताई पुढे चालू लागली.

गुरुवारी भावजी रजा काढून घरी थांबले. खोकं कपाटावरून उतरवून समोर ठेवून बसले. कारखान्यात ताईनं पावणेपाचलाच मशीन बंद केलं. मीही केलं. टेबलावर मोबाईलखेरीज काही ठेवलं नाही. कापडाचा एक तुकडासुद्धा नाही.

पाच-दहा...

"खारू: अजून १५ मिनिटं?"

ताई मोबाईलवर वाकली. तिनं 'नाही' दाबलं.

एक मिनिट गेलं.

दोन मिनिटं.

तीन... ताईचे डोळे मोबाईलवरून हलले नाहीत. मी मनातल्या मनात खारूला हाका मारत होते. ये गं बाई, तुझ्या मावशीनं त्या दिवशी घाण केली, आज तरी ये.

मोबाईल थरथरला.

"खारू: अजून १५ मिनिटं?"

ताईनं 'हो' दाबलं. "खेळ बाळा," एवढंच म्हणाली. आणि त्या दिवसापासून कोंडलेलं सगळं रडू बाहेर पडलं. मी तिला धरून बसले. पूर्ण पंधरा मिनिटं सोडलं नाही.

पाच-तीसला भावजींचा फोन आला. त्यांचा आवाज ओळखू येत नव्हता. खोकं बंद होतं, म्हणाले. कंट्रोलरच्या बॅटऱ्या कधीच उतरल्या होत्या. तरी पाच-चौदाला खोक्यात काहीतरी थरथरलं. त्यांनी झाकण उघडलं.

"निळा थरथरत होता," भावजी म्हणाले. "आणि पिवळासुद्धा."

ताईनं नोंद उघडली. मी तिच्या खांद्यावरून वाचली.

आज खेळलेला वेळ: पंधरा मिनिटं. खेळाडू: दोन.

एका नावापुढे खारूचं चित्र होतं. दुसऱ्यापुढे चष्मा लावलेलं अस्वल.

ताई पूर्ण वेळ माझ्या मिठीत होती. मी शपथेवर सांगते.

त्यानंतर एकही संदेश आलेला नाही. दीड वर्ष होत आलं. सगळे म्हणतात, पोर सुटली, बरं झालं. असेलही. पण पाच-दहा वाजले की आम्ही दोघी अजून मशीन थांबवतो, आणि तेव्हा ताई मला एकच प्रश्न विचारते.

"पंधरा मिनिटं मी तिच्याजवळ बसले होते," ती म्हणते. "मग मला काहीच कसं आठवत नाही गं?"