शाई वाळलीय

"ही मुलगी पाव घ्यायला येते की पाव मोजायला?" भट्टीआडून मावशी पुटपुटली. तिचं पुटपुटणंही रस्त्यापलीकडे ऐकू जायचं.

कोपऱ्यातल्या टेबलावरची 'ही मुलगी' खाली मान घालून हसली. तिचं संशोधन चाललं होतं – हवी ती वस्तू जवळ आली, की गिऱ्हाइकाची पावलं भराभर पडतात का? त्यासाठी ही बेकरी निवडलेली. दर खरेदीला कार्डावर तारखेचा एक शिक्का. कार्ड भरलं की केक फुकट. आणि सगळ्यांची कार्डं भरली की अभ्यास संपला.

शिक्के मारायचा मावशीचा भाचा. या मुलीसमोर तर इतके हळुवार, जणू कार्डाला दुखेल!

"नाकाला पीठ लागलंय तुमच्या."

"राहू द्या. तेवढ्यासाठी तरी बघता माझ्याकडे..."

मग दोघंही घाईघाईने दुसरीकडे बघायची.

एका दुपारी ती धावतच आली. केस विस्कटलेले, डोळे लखलखीत.

"सगळं उलटंच निघालं! शेवटच्या शिक्क्यापाशी आले की लोक रेंगाळतात. माझे मार्गदर्शक सर तर नाचायचेच बाकी राहिलेत. उद्या शोधनिबंध छापायला पाठवतेय. केक द्या – मोठ्ठा!"

तो सुरी हातात धरून तसाच उभा.

"लोक नाही रेंगाळले..." त्याचे कान लाल झाले. "ते पळतच यायचे. तुम्ही नसलात की मीच सांगायचो – शाई वाळलीय, शेवटचा शिक्का पुढच्या वेळी मारतो."

ती मटकन खुर्चीत बसली. इतक्या महिन्यांची मेहनत पाण्यात! प्रेमात पडलेला मदतनीस शास्त्राच्या वाट्याला येऊ नये, हेच खरं.

"गप्प बसला असतात, तर कुणाला कळलंही नसतं," ती हळूच म्हणाली.

"मला कळलं असतं. तुमच्या नावाखाली खोटं छापून आलं असतं."

"पण केलंत कशाला असं?"

"कार्डं भरली असती, तर तुम्ही..." पुढचं वाक्य भट्टीत गेलं.

तिने डोळे पुसले. "आता नवी कार्डं छापा. पुन्हा पहिल्यापासून सगळं."

"शाई मी आणतो. भरपूर!"

तिला रडता रडता हसू फुटलं. "आणि तीही भरली की? पुन्हा शाई वाळणार?"

त्याची सुरी केकच्या वर तरंगत राहिली...

"अगं, पाव करपतील पण हा तोंड उघडायचा नाही!" मावशी आतून कडाडली.

ती उठली. काउंटरवरून वाकून तिने त्याच्या नाकावरचं पीठ बोटाने पुसलं.

"कार्डं नसती तरी मी आलेच असते, वेड्या. पाव मला मुळीच आवडत नाही. तू आवडतोस."