पाचवी तार

सन १९३६. जालन्याच्या जुन्या छावणीतल्या एका बंद पडलेल्या क्लबाचं सामान लिलावात निघालं. कारकुनानं एकाच पेटीतल्या दोन वस्तूंना दोन वेगळे नंबर दिले. कातड्यानं मढवलेला पाच तारांचा बॅन्जो श्रीपतीनं घेतला. तो कसा वाजवायचा हे सांगणारं ऐंशी वर्षांपूर्वीचं विलायती पुस्तक प्रेमलानं.

"बाई, वाद्य माझ्याकडं आन् अक्कल तुमच्याकडं!" तो इतक्या मोठ्यानं बोलला, की चार माणसं वळली.

"हळू बोला... मी समोरच आहे."

"जिनिंगमधला माणूस मी. आमच्यात हळू कोणी बोलत न्हाई."

श्रीपती कापसाच्या जिनिंग कारखान्यात फिटर होता. प्रेमला मुलींच्या शाळेत शिकवायची. मिशनच्या शाळेत असताना ती इंग्रजी सुरांचे ठिपके वाचायला शिकली होती. पावसाळ्यात कारखाना बंद असे. मग दर शुक्रवारी दुपारी, तिच्या चतुराबाई आत्याच्या ओटीवर, शिकवणी सुरू झाली. ती ठिपक्यांचं सा-रे-ग करून सांगे. तो पुस्तकात लिहिल्याप्रमाणे नखानं तारेवर वरून खाली आघात करी. दमट हवेनं बॅन्जोचं कातडं सैल पडे. ते आत्याच्या शेगडीवर शेकावं लागे.

"मेल्या बकरीचं कातडं, अन् लाड किती!" आत्या म्हणे.

श्रीपती मात्र सारखा प्रेमलाच्या चेहऱ्याकडे बघत असे.

"पुस्तकाकडे बघा ना."

"पुस्तक तुम्ही वाचून राह्यल्या. मी तुम्हाला वाचतो."

तिच्या कानाच्या पाळ्या तापत.

श्रावणातल्या एका शुक्रवारी तो बॅन्जोच्या खुंट्यांवर वाकला होता. आत्या आत होती. प्रेमला अगदी हळू म्हणाली, "परभणीचं स्थळ आलंय... तुम्ही 'जाऊ नका' म्हणालात, तर नाही जाणार."

त्यानं मान वर केली नाही. "ही खुंटी सरकून राह्यली," एवढंच म्हणाला.

तिनं तेच उत्तर समजलं.

पुढच्या शुक्रवारी ती आली, तेव्हा वडिलांनी परभणीला लिहिलेलं होकाराचं पत्र पुस्तकाच्या पानांत होतं. परत जाताना टपालात टाकायचं होतं. आभाळ इतकं दाटलं होतं, की भर दुपारी आत्यानं कंदील लावला. पुस्तकातली शेवटची चाल निघाली. तिच्यात पाचवी, आखूड तार अंगठ्यानं मधूनमधून छेडायची होती.

"ती तार सोडताय तुम्ही."

"मेलीय ती, बाई. दोन महिने झाले, वाजतच न्हाई."

प्रेमलानं हात पुढे करून तार छेडली. आतून आत्या ओरडली, "अगं, केवढी किणकिणतेय! कान किटले!"

श्रीपती तारेकडे बघत होता. तार थरथरत होती, आणि त्याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

प्रेमलानं पुस्तक तोंडापुढे धरलं. "श्रीपतराव," ती पुस्तकाआडून म्हणाली.

तो हलला नाही.

तिनं पुस्तक खाली घेतलं. "कधीपासून?"

तो समजला. "आठ हंगाम झाले जिनिंगच्या खडखडाटात. बारीक आवाज आधी गेले. जाड तारा मांडीला कळतात, त्याच्यावर चाललंय."

"मग माझ्याकडे सारखं बघणं... ते..."

"आधी ओठ वाचायला." तो थांबला. "मंग... नुसतंच."

"गेल्या शुक्रवारी मी काही म्हणाले होते."

"तोंड दिसलं न्हाई."

वर्गातही आवाज न चढवणारी प्रेमला इतक्या मोठ्यानं बोलली, की समोरच्या घराचं दार उघडलं. "परभणीला माझं लग्न ठरतंय! 'जाऊ नका' म्हणा!"

श्रीपतीनं बॅन्जो बाजूला ठेवला. "चार-पाच वर्षांत बिलकुल बहिरा होईन मी. तुमचा आवाज..."

"विचारलं तेवढंच सांगा."

त्याचे ओठ हलले. एरवी ओरडूनच बोलणाऱ्या माणसाचा आवाजच फुटला नाही. पण तिनं वाचलं.

आत्या बाहेर आली. दोघांकडे बघितलं, पुस्तकातून डोकावणारं, भावाच्या अक्षरातलं पत्र ओढलं आणि शेगडीत सारलं.

"कातडं शेका," ती म्हणाली. "जाळ कमी पडत होता. दादाला मी बघते."

दादा, म्हणजे प्रेमलाचे वडील, लग्नाला आले नाहीत.

१९४१च्या पावसाळ्यात जाड तारांचा आवाजही श्रीपतीच्या कानांतून गेला. शुक्रवार मात्र चुकला नाही. प्रेमला पाचही तारा लावते, पुस्तक उघडते आणि वाजवते. श्रीपती कातड्याच्या कडेला तळहात टेकवतो... आणि तिच्या चेहऱ्याकडे बघत राहतो.